एकाकडे स्कूटर, दुसऱ्याकडे नुसत्या फिन्स: अशी जोडी पाण्याखाली चालेल का?

निळाई (धागालेखिका)

नमस्कार मंडळी. माझ्या आतापर्यंत ६४ डाइव्ह झाल्या आहेत. गेल्या वर्षी उजव्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी पाण्यात उतरण्यास हरकत घेतलेली नाही, पण प्रवाहाविरुद्ध जोर लावून फिन्स (पायात घालायचे रबरी पंख) मारण्यास स्पष्ट मनाई केली आहे. म्हणून मी पाण्याखालच्या स्कूटरचे, म्हणजे हातात धरल्यावर पंख्याच्या जोरावर आपल्याला ओढून नेणाऱ्या बॅटरीवरच्या यंत्राचे, प्रशिक्षण घेतले, १२ मीटर खोलीवर प्रशिक्षकांसोबत दोन डाइव्ह केल्या, आणि खरे सांगायचे तर पहिल्यांदा पोहता आले त्या दिवसानंतर पाण्यात इतका आनंद मला झाला नव्हता.

अडचण अशी आहे की माझे यजमान हेच माझे नेहमीचे बडी (पाण्याखालचे जोडीदार) आहेत आणि त्यांना स्कूटर नको आहे. बागेत फुले पाहायला मोटारीतून कशाला जायचे, असे ते विचारतात. त्यांना बदलणे शक्य नाही (दोन्ही अर्थांनी). तेव्हा एकाकडे स्कूटर आणि दुसऱ्याकडे नुसत्या फिन्स अशा जोडीने डाइव्ह करणे कितपत शहाणपणाचे आहे, हा माझा मुख्य प्रश्न आहे. स्कूटरमुळे हवा वाचते असे सगळेच सांगतात. तेही प्रत्यक्षात किती खरे आहे, हे अनुभवी सभासदांनी सांगावे.

प्रवाहपतित

यजमानांना दोरीने बांधून ओढत न्या. संसारात कोण कोणाला ओढतो, याचा निकाल निदान पाण्याखाली तरी कायमचा लागेल.

सावकाश

माझे मत विरोधी आहे आणि ते मी आडपडदा न ठेवता मांडतो. आपण पाण्याखाली जातो ते पाहण्यासाठी. एका खडकासमोर वीस मिनिटे स्थिर राहिलो की आधी रिकामा वाटणारा तो खडक हळूहळू बोलू लागतो. फटीतून एखादा ऑक्टोपस डोळा बाहेर काढतो, सागरी गोगलगाय दिसते, आपल्याला घाबरून लपलेले मासे पुन्हा आपापल्या कामाला लागतात. स्कूटरवाला तेवढ्या वेळात पाऊण किलोमीटर पुढे गेलेला असतो आणि नावेवर परतल्यावर त्याच्याजवळ सांगायला फक्त अंतर असते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. पंख्याने मागे फेकलेला पाण्याचा झोत तळाच्या जवळ गेला तर गाळ उडतो, आणि तो गाळ प्रवाळावर बसला की त्याचे बहुपाद (प्रवाळ घडवणारे छोटे जीव) गुदमरतात. ज्याला स्वतःची तरणक्षमता (पाण्यात आपोआप वर-खाली न जाता एका पातळीवर राहणे) अजून नीट सांभाळता येत नाही, त्याच्या हाती स्कूटर देणे म्हणजे ज्याला चालताना ठेच लागते त्याला घोड्यावर बसवणे आहे. निळाई, हे तुम्हाला उद्देशून नाही. तुमचे कारण वेगळे आहे. पण हौस म्हणून स्कूटर घेणाऱ्यांविषयी मला आस्था वाटत नाही.

गुहाप्रिय

सावकाश, तुमच्या पहिल्या मुद्द्याशी मी असहमत आहे. वेग हा स्कूटरचा एक उपयोग झाला, एकमेव नव्हे. बुडालेल्या मोठ्या जहाजाला एकदा पूर्ण प्रदक्षिणा घालून त्याचा आकार समजून घ्यायचा आणि मग आवडलेल्या एका कोपऱ्यात स्कूटर बंद करून अर्धा तास थांबायचे, हे स्कूटर नसताना एकाच सिलिंडरमध्ये सहसा जमत नाही. किनाऱ्यावरून पाण्यात शिरून दूरच्या खडकापर्यंत जायचे असेल, तर त्या मधल्या रटाळ वाळूवर खर्च होणारी हवा आपण खडकासाठी राखून ठेवतो.

गाळाविषयी तुम्ही म्हणता ते मात्र शंभर टक्के खरे आहे, आणि त्याचे उत्तर स्कूटर तळापासून वर धरून चालवणे हेच आहे. जिथे तळाजवळ जायचे तिथे ट्रिगर (स्कूटर चालवायचा खटका) सोडायचा आणि फिन्सनी जायचे.

गुहांमध्ये डायव्हिंग करणाऱ्यांना हे यंत्र किती दूर नेऊ शकते याचे उदाहरण द्यायचे तर, डिसेंबर २००७ मध्ये फ्लोरिडात जॅरड जॅब्लॉन्स्की आणि केसी मॅकिन्ली हे दोघे टर्नर सिंक या विवरातून पाण्यात शिरले आणि सुमारे ९० मीटर खोलीवरून जवळजवळ ११ किलोमीटर अंतर कापून वकुला झऱ्यात बाहेर आले. पण त्या यशामागे मोठा साहाय्यक चमू होता, वर्षानुवर्षांची तयारी होती आणि एक स्कूटर बंद पडली तर दुसरी सोबत असलीच पाहिजे हा दंडक होता. आपण हौशी मंडळी एकच स्कूटर घेऊन जातो. त्यामुळे ती बंद पडणारच असे गृहीत धरून निघणे आपल्याला भाग आहे.

गणिती

गुहाप्रिय यांच्या शेवटच्या वाक्यावर थोडा हिशेब करून पाहू, कारण ‘हवा वाचते’ या अर्धसत्याचा उलगडा तिथेच होतो.

१२ लिटरचा सिलिंडर २०० बारपर्यंत (बार हे दाबाचे एकक) भरला की साधारण २४०० लिटर हवा होते. ५० बार, म्हणजे ६०० लिटर, राखीव ठेवली तर वापरायला १८०० उरतात. पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर हवा घेणारा माणूस २० मीटर खोलीवर, जिथे एकूण दाब ३ बार असतो, मिनिटाला ६० लिटर घेतो. त्याला ३० मिनिटे मिळतात. तोच माणूस स्कूटरवर निवांत असल्याने १४ लिटरच्या दराने श्वास घेत असेल, तर मिनिटाला ४२ लिटर होतात आणि त्याला सुमारे ४३ मिनिटे मिळतात. इथवर सगळे गोड आहे.

आता फिन्सचा वेग मिनिटाला १५ मीटर आणि स्कूटरचा ४५ मीटर धरा. हा माणूस १५ मिनिटे सरळ पुढे गेला. तो ६७५ मीटर लांब आहे, त्याने ६३० लिटर हवा वापरली आहे आणि सिलिंडरमध्ये १७७० लिटर शिल्लक आहे. दाबमापकाचा काटा पाहून त्याला वाटते की आपण श्रीमंत आहोत. नेमकी त्याच वेळी स्कूटर बंद पडते. फिन्सनी परतायला ४५ मिनिटे लागणार, ६० लिटरच्या दराने २७०० लिटर हवा लागणार. राखीव हवेसकट सगळी संपवली तरी तो ४४० मीटरच्या आसपास थांबेल आणि नाव अजून २३० मीटर दूर असेल.

राखीव हवेला हात न लावता पायांनी परतता यावे असे वाटत असेल, तर याच आकड्यांनुसार तो ३६५ मीटरपलीकडे जाऊ शकत नाही, म्हणजे जाताना फक्त ८ मिनिटे. हवा वाचते हे खरे आहे, पण वाचलेली हवा लांब जाण्यासाठी नाही, जास्त वेळ राहण्यासाठी आहे. अंथरूण पाहून पाय पसरावे ही म्हण इथे शब्दशः लागू पडते.

जुनापाणी

गणिती, हिशेब बरोबर आहे, पण तो गुहेचा हिशेब आहे. मोकळ्या समुद्रात डोक्यावर छत नसते. स्कूटर बंद पडली तर तो माणूस २० मीटरवरच का रेंगाळेल? ५ मीटरवर आला की दाब १.५ बार होतो, हवेचा खप निम्म्यावर येतो आणि तुमच्याच आकड्यांनी राखीव हवेला धक्का न लावता तो सुमारे ५८० मीटर परत येतो. उरलेले शंभर मीटर पृष्ठभागावरून.

तरीही मी लांब जाऊ नका असेच सांगेन, पण वेगळ्या कारणासाठी. ते कारण म्हणजे प्रवाह. एक नॉट प्रवाह म्हणजे मिनिटाला जवळजवळ ३१ मीटर. फिन्स मारणारा माणूस त्याच्यासमोर फार काळ टिकत नाही आणि टिकत नाही हे त्याला लगेच कळते, म्हणून तो वेळीच मागे फिरतो. स्कूटरवाला मात्र ४५ च्या वेगाने त्याच प्रवाहाविरुद्ध मिनिटाला १४ मीटर पुढे सरकत राहतो आणि आपण कशाच्या विरोधात चाललो आहोत हे त्याच्या अंगाला जाणवतच नाही. ज्या क्षणी यंत्र थांबते, त्या क्षणी तो मिनिटाला ३१ मीटर या दराने परका होऊ लागतो. म्हणून पृष्ठभागावर सोडायचा खुणेचा फुगा आणि शिट्टी यांशिवाय स्कूटर घेऊन उतरू नये, आणि नावेवरच्या माणसाला आपण कोणत्या दिशेला निघालो हे सांगून जावे.

आता स्वतःची फजिती. बऱ्याच वर्षांपूर्वी मी भाड्याने घेतलेल्या एका स्कूटरचा ट्रिगर १८ मीटरवर अडकला. वाळूचा कण शिरला होता, हे नंतर कळले. स्कूटरचे नाक तेव्हा वरच्या दिशेला होते आणि पहिल्या दोन सेकंदांत मी मूर्खासारखा तिला घट्ट धरून वर निघालो होतो. मग प्रशिक्षकांचे शब्द आठवले, नाक आडवे केले आणि त्याच खोलीवर गोल गोल फिरत राहिलो. सात-आठ प्रदक्षिणा झाल्यावर ट्रिगर सुटला. माझा बडी शांतपणे मध्यभागी उभा राहून हे सगळे पाहत होता. त्याला वाटले की मी त्याला काही कसरत करून दाखवतो आहे.

प्रवाहपतित

सात प्रदक्षिणा म्हटल्यावर आमच्या डोळ्यांसमोर भलतेच चित्र उभे राहिले. बडी आता सात जन्मांचा झाला म्हणायचा.

श्वासमात्र

मी व्यवसायाने डॉक्टर आहे, म्हणून जुनापाणी यांच्या त्या दोन सेकंदांविषयी थोडे गंभीरपणे लिहिते.

सुरक्षित वर येण्याचा वेग मिनिटाला ९ मीटरच्या आसपास ठेवावा असे आज सर्वसाधारणपणे शिकवले जाते. स्कूटर त्याच्या पाचपट वेगाने वर नेऊ शकते. १० मीटरपासून पृष्ठभागापर्यंतचा टप्पा, जो आपण एक मिनिटाहून अधिक वेळ घेऊन पार करावा, तो ती तेरा सेकंदांत पार करते. आणि नेमक्या याच टप्प्यात वायूचे आकारमान दुप्पट होते. फुप्फुसे भरलेली असताना श्वास रोखून धरला तर जेमतेम एक-दीड मीटर वर येणेही फुप्फुसाला इजा करू शकते, आणि तिथून सुटलेला हवेचा बुडबुडा रक्तातून मेंदूपर्यंत पोहोचू शकतो. म्हणून वर येताना स्कूटर बंद करून, अडकवून ठेवून, फिन्सनी आणि श्वास अखंड चालू ठेवून यावे. ५ मीटरवर तीन मिनिटांचा सुरक्षा-थांबा घ्यावाच.

खाली जाताना हाच प्रश्न कानांचा होतो. नाक खाली करून ट्रिगर दाबला की पहिल्या तेरा सेकंदांत कानांवरचा दाब दुप्पट होतो आणि तेवढ्या वेळात दाब समान करण्याची संधी अनेकांना मिळत नाही. यापेक्षाही नकळत होणारी गोष्ट म्हणजे करवतीच्या दात्यांसारखी वर-खाली होणारी वाट. पायांनी पोहताना आपण फार वर-खाली करत नाही, कारण कष्ट पडतात. स्कूटरने ते फुकट होते, आणि खडकाच्या प्रत्येक उंचवट्यावरून उडत जाण्याचा मोह होतो. असे वारंवार वर-खाली होणे विसंपीडनाच्या (दाब घटताना शरीरात विरघळलेला वायू बाहेर पडण्याच्या) दृष्टीने चांगले नाही.

निळाई, तुमच्यासाठी एक चांगला मुद्दाही आहे. पाण्याखाली अतिश्रम झाले की रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो, धाप लागते आणि त्यातून घबराट सुरू होते. स्कूटर हे श्रम कमी करते. फक्त थंडी जास्त वाजेल याची तयारी ठेवा. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने उष्णता ओढून घेते, स्नायू स्वस्थ असल्याने शरीरात ऊब कमी तयार होते आणि अंगावरून पाणी सतत वाहत असते. नेहमीपेक्षा जाड सूट घ्या.

चाकखुर्ची

हा धागा वाचून लिहावेसे वाटले. अपघातानंतर माझ्या कमरेखाली संवेदना नाहीत आणि जमिनीवर मी चाकांच्या खुर्चीत असतो. पाण्याखाली सुरुवातीला पडदे असलेले हातमोजे घालून हातांनीच पोहत होतो. त्यात दोन्ही हात गुंतलेले राहत आणि खांदे अर्ध्या तासात भरून येत. आता स्कूटर एका हाताने चालवतो आणि दुसरा हात मोकळा असतो, दाबमापक पाहायला, बडीला खूण करायला, कान मोकळे करायला.

सावकाश यांचे लिखाण मला आवडते, पण ‘हौस’ आणि ‘कारण’ यांतली रेघ ते समजतात तितकी ठळक नसते, एवढेच नम्रपणे सांगतो. गणिती यांच्या हिशेबात माझ्यासाठी पायांचा वेग शून्य आहे. म्हणून मी एकटा स्कूटरवाला कधीच नसतो. माझ्याबरोबर दोन बडी असतात, त्यांना मला ओढत आणण्याचा सराव आहे, आणि आम्ही जे अंतर ठरवतो ते त्यांच्या पायांवरून ठरवतो.

सावकाश

चाकखुर्ची, तुमचे म्हणणे मनाला लागले. ‘आस्था वाटत नाही’ हे वाक्य मी घाईने लिहिले, ते मागे घेतो. गाळाचा आक्षेप मात्र तसाच राहू द्या.

इतिहासवेडा

थोडे विषयांतर चालेल का? या यंत्राचे पूर्वज मुळीच हौशी नव्हते. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या नौदलाकडे माणसाने स्वार होऊन चालवायचे संथ टॉर्पेडो होते आणि ते वळवायला इतके हट्टी असत की चालवणाऱ्यांनी त्यांचे नाव ‘मायाले’, म्हणजे डुक्कर, असे ठेवले होते. डिसेंबर १९४१ मध्ये अशा तीन टॉर्पेडोंवरून सहा पाणबुडे अलेक्झांड्रिया बंदरात शिरले आणि त्यांनी ‘क्वीन एलिझाबेथ’ व ‘व्हॅलियंट’ या दोन ब्रिटिश युद्धनौका निकामी केल्या. त्यांचा वेग आजच्या हौशी स्कूटरींपेक्षा फारसा अधिक नव्हता.

प्रवाहपतित

म्हणजे जुनापाणी यांची स्कूटर अस्सल वंशातली होती.

ओरिंग

विषय यंत्राकडे वळलाच आहे, तर माझ्या कामाचे लिहितो. मी डायव्हिंगची उपकरणे दुरुस्त करतो आणि पाणी शिरलेल्या स्कूटरी मी जितक्या उघडल्या आहेत, त्यांतल्या बहुतेकींचा अपराधी सापडला तो म्हणजे ओ-रिंगवर (झाकणातून पाणी आत येऊ न देणाऱ्या रबरी कड्यावर) बसलेला एक केस किंवा वाळूचा एक कण. झाकण बंद करण्यापूर्वी ओ-रिंग काढून बोटांमधून फिरवून पाहावी, तिची खाच पुसावी, आणि वंगण चमक येईल इतकेच लावावे. थापून लावले तर तेच वंगण कचरा गोळा करते. डाइव्हनंतर गोड्या पाण्यात धुताना ट्रिगर दहा-वीस वेळा दाबून सोडावा, म्हणजे जुनापाणी यांच्यासारखा प्रसंग येत नाही. पंखा मात्र पाण्याबाहेर फिरवत बसू नये.

लिथियम बॅटरीत खारे पाणी शिरले तर आतल्या आत वायू तयार होऊन दाब साठू शकतो आणि आगही लागू शकते. भिजल्याचा संशय आला की स्कूटर बंद खोलीत नेऊ नये आणि झाकण उघडताना तोंड त्याच्या समोर आणू नये. बॅटरी रात्रभर चार्जिंगला लावून झोपी जाणे हा तर निव्वळ आळशीपणा आहे. विमानाने नेणार असाल तर आधी बॅटरीवरचा वॉट-तासांचा आकडा पाहा: १०० पर्यंतची बॅटरी हाताच्या सामानात सहसा चालते, १०० ते १६० साठी विमान कंपनीची संमती घ्यावी लागते आणि त्यापुढची सुटी बॅटरी प्रवासी विमानात नेता येत नाही. मोठ्या स्कूटरी इथेच अडकतात. म्हणून काही स्कूटरींत सुताराच्या ड्रिलला लागतात तशा छोट्या बॅटऱ्या बसवायची सोय असते.

तरणक्षमतेकडे लोक दुर्लक्ष करतात. समुद्राचे पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड असते. २० लिटर पाणी बाजूला सारणारी स्कूटर तलावात अचूक तोलून घेतलीत, तर समुद्रात ती अर्धा किलो हलकी होऊन वर पळू पाहते. समुद्रात पुन्हा तोलून घ्या. हातातून सोडली की ती जिथल्या तिथे राहिली पाहिजे.

वेगाच्या आकड्याला भुलू नका, हे शेवटचे. वेग दुप्पट केला तर पाण्याचा विरोध चौपट होतो आणि लागणारी शक्ती आठपट. बॅटरी सर्वांत लवकर संपवण्याचा मार्ग म्हणजे पूर्ण वेगाने जाणे. शिवाय त्या वेगात मान वळवली की मास्क सरकतो, आणि रेग्युलेटरच्या (तोंडात धरून श्वास घ्यायच्या साधनाच्या) बटणावर समोरून पाणी आदळून हवा आपोआप वाहू लागते.

निळाई

सर्वांचे मनापासून आभार. इतके तपशील प्रशिक्षणातही मिळाले नव्हते. मात्र माझा मूळ प्रश्न थोडा मागे पडला आहे, म्हणून पुन्हा विचारते. मी स्कूटरवर आणि हे फिन्सवर, तर आम्ही एकत्र राहायचे कसे? मी पुढे जाऊन थांबायचे की मागून यायचे? आणि प्रवाहपतित यांनी गमतीने म्हटलेले ओढून नेणे खरोखर करता येते का?

गुहाप्रिय

मूळ प्रश्नाला बगल दिली गेली हे खरे आहे, त्यात माझाही हात आहे.

अशी जोडी चालते, पण एका अटीवर: वेग, दिशा आणि परतीचा क्षण हे तिन्ही ज्याच्याकडे स्कूटर नाही त्याने ठरवायचे. पुढे जाऊन थांबणे सर्वांत वाईट, कारण तुम्ही थांबून मागे वळून पाहीपर्यंत ते गढूळ पाण्यात दिसेनासे झालेले असू शकतात आणि तुम्हाला गाठायच्या नादात त्यांची धाप वाढते. मागून येण्यात तुम्हाला ते दिसतात, पण त्यांना तुम्ही दिसत नाही. म्हणून शेजारी राहा, त्यांच्या खांद्याच्या रेषेत, सर्वांत कमी वेगावर. तोही वेग जास्त होत असेल तर ट्रिगर दोन सेकंद दाबायचा आणि तीन सेकंद सोडायचा, असे तुटक चालवायचे. त्यांच्या फिन्स आणि तुमचा पंखा यांच्यात हातभर अंतर कायम हवे. लोंबणारी नळी, सैल पट्टा किंवा मोकळे केस पंख्याजवळ जाताच कामा नयेत.

ओढून नेणे करता येते, आणि ते आणीबाणीत करावे लागण्यापूर्वी दोघांनी उथळ पाण्यात शिकून घ्यावे. ओढला जाणारा माणूस चालवणाऱ्याच्या मागे, किंचित वर आणि बाजूला राहतो आणि त्याच्या मांड्यांमधून जाणारा पट्टा धरतो. पंख्याच्या झोतात कोणी येता कामा नये. वेग बराच घटतो आणि बॅटरी भराभर उतरते. तुमचाही सगळा भार हातांवर येऊ देऊ नका: स्कूटरची दोरी त्याच पट्ट्याच्या पुढच्या कडीला अडकवलेली असावी आणि कोपर किंचित वाकलेले राहील इतकीच लांब असावी. डाइव्हनंतर दंड दुखत असतील तर दोरी लांब झाली आहे असे समजा.

होकायंत्राविषयीही सांगून ठेवतो. स्कूटरच्या मोटरमधल्या चुंबकांमुळे जवळ धरलेले होकायंत्र चुकीची दिशा दाखवू शकते. ते मनगटावर असेल तर दिशा पाहताना तो हात स्कूटरपासून लांब न्या. आणि फिन्सचे फटके मोजून अंतर काढण्याची सवय असेल तर ती इथे निरुपयोगी आहे, वेळ मोजा.

जुनापाणी

गुहाप्रिय यांच्याशी पूर्ण सहमत. एक भर घालतो: पहिल्या पाच डाइव्हमध्ये एकदा तरी मुद्दाम स्कूटर बंद करा आणि ती मागे अडकवून परत या. बंद पडलेली स्कूटर ओढताना फिन्सचा वेग किती उरतो, हा आकडा पुस्तकात मिळत नाही.

निळाई

दोन आठवड्यांनी पुन्हा लिहिते आहे, कारण सांगितल्याप्रमाणे करून पाहिले.

१२ मीटर खोली, शांत पाणी, प्रवाह जवळजवळ नाही. दोघांकडे १२ लिटरचे सिलिंडर होते आणि दोघांनी २०० बारवर सुरुवात केली. यजमान ठरवतील त्या वेगाने, शेजारी राहून, आम्ही १८० मीटर गेलो. सुरुवातीला मी दोनदा पुढे निसटले आणि दोन्ही वेळा त्यांनी पाण्याखालीही ओळखू येईल असा चेहरा केला. मग तुटक ट्रिगरची लय सापडली. वाटेत एका खडकाशी मी स्कूटर बंद करून थांबले. सावकाश, तुमची आठवण झाली, कारण तिथे फटीत खरोखरच एक ऑक्टोपस होता.

परतताना जुनापाणी यांचा सल्ला पाळला. स्कूटर मागे अडकवली आणि गुडघ्याला जपत, हलके फटके मारत आले. १८० मीटरला १४ मिनिटे लागली. गुडघा संध्याकाळी थोडा कुरकुरला, पण सूज आली नाही. ३५ मिनिटांनी वर आलो तेव्हा माझ्याकडे ९५ बार होते आणि यांच्याकडे ७०. एरवी माझीच हवा आधी संपते.

गणिती

१८० मीटरला १४ मिनिटे म्हणजे मिनिटाला १३ मीटरपेक्षाही किंचित कमी. मग तुमच्यासाठी १५ ऐवजी १३ धरा. २० मीटर खोलीवर माझ्या आधीच्या हिशेबातले ३६५ मीटर ३२४ वर येतात. प्रवाह असेल तर तेही नाहीत. आणि यजमानांची हवा आधी संपते आहे, तेव्हा परतीचा आकडा आता त्यांच्या दाबमापकावरून ठरवा.

पायीच

मी निळाई यांचा बडी. खास या धाग्यासाठी सदस्यत्व घेतले आहे.

माझे मत बदललेले नाही, बागेत मोटार नकोच. पण परत पोहोचल्यावर, वर येण्यापूर्वी, पन्नास मीटर आम्ही ओढण्याचा सराव केला, हे वरच्या वृत्तान्तातून वगळण्यात आले आहे. मी पट्टा धरून मागे होतो. प्रवास सुखाचा झाला, असे मी वाहनचालकाला अद्याप सांगितलेले नाही. कृपया हे इथेच राहू द्यावे.

प्रवाहपतित

निकाल लागला.